सस्तन प्राण्यांची ओळख: आधी दात, मग पाय, मग नाव

सस्तन प्राणी म्हटलं की वाघ, हत्ती, जिराफ, देवमासा अशी मोठी मंडळी आधी आठवतात. पण या वर्गाची खरी गर्दी दुसऱ्याच टोकाला आहे. आज माहीत असलेल्या सस्तन प्राण्यांच्या जाती साधारण साडेसहा हजार. त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास एकट्या कृंतक गणातल्या (गण म्हणजे नात्यातल्या अनेक कुळांचा मोठा गट), म्हणजे उंदीर, घुशी, खारी, साळिंदर वगैरे. चौदाशेहून जास्त जाती वटवाघळांच्या. दर पाच जातींमागे जवळपास तीन या दोनच गणांत बसतात. त्यांच्यापुढे मांजरकुळातल्या सगळ्या मिळून चाळीसेक जाती आणि हत्तींच्या तीन. ज्याला ही विविधता खरोखर समजून घ्यायची आहे त्याने छोट्या, निशाचर, कुणाच्या फारशा लक्षात न येणाऱ्या प्राण्यांपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. नावांची यादी पाठ करून हा विषय हाती लागत नाही. प्राण्याचं शरीर वाचायला शिकावं लागतं: दात कसे आहेत, पाऊल जमिनीवर कसं टेकतं, पिल्लू कुठल्या अवस्थेत जन्मतं. एवढं जमलं की कधी न पाहिलेला प्राणी समोर आला तरी तो कुठल्या घराण्यातला हे तुम्ही बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकता. नाव नंतर शोधता येतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: सस्तन कोण, हे पक्कं करा

दोन खुणा लक्षात ठेवा: पिल्लाला पाजायचं दूध आणि अंगावरचे केस. दूध मादीच्या स्तनग्रंथींतून येतं आणि अशा ग्रंथी दुसऱ्या कुठल्याच वर्गात नाहीत. कबुतरं पिल्लांना दुधासारखा पदार्थ भरवतात खरं, पण तो गळ्याशी असलेल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून सुटतो आणि नरही तो भरवतो. त्याचा स्तनग्रंथींशी काही संबंध नाही.

दूध सगळ्यांना असलं तरी पाजण्याच्या तऱ्हा थक्क करणाऱ्या आहेत. उत्तर अटलांटिकच्या फुटत्या बर्फावर वीणारी हूडेड सील पिल्लाला जेमतेम चार दिवस पाजते. तिच्या दुधात साठ टक्क्यांच्या आसपास चरबी असते, त्यामुळे पिल्लाचं वजन त्या चार दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं. ओरांगउटानचं पिल्लू मात्र सात-आठ वर्षांचं होईपर्यंत अधूनमधून आईचं दूध पीत राहतं. ही दोन्ही टोकं एकाच वर्गातली आहेत.

केस कुठे शोधायचे हे माहीत हवं. डॉल्फिनच्या पिल्लाच्या तोंडाच्या टोकाशी जन्मताना मोजके केस असतात आणि ते लवकरच गळून जातात. साळिंदराचे काटे म्हणजे जाड, कडक झालेले केस. खवले मांजराच्या अंगावरचे खवले केराटिनचे, म्हणजे ज्या पदार्थाचे आपले केस आणि नखं बनतात त्याचेच. त्याच्या पोटावर विरळ केस सापडतात. त्यामुळे ‘याला तर केसच नाहीत’ असं वाटलं की ओठांजवळ, पोटाखाली, कानाच्या कडेला बघा.

तिसरी खूण हाडांत आहे, आणि मला सगळ्यांत प्रिय तीच. सरड्याच्या किंवा मगरीच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला अनेक हाडं जोडलेली असतात. सस्तन प्राण्याच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड. बाकीची गेली कुठे? पूर्वजांमध्ये जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा होता ती दोन हाडं पिढ्यानपिढ्या लहान होत गेली आणि मध्यकर्णात सामावली. आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ती हीच. तिसरं हाड, रिकीब, आधीपासून कानात होतंच. कार्ल रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ साली गर्भाचा अभ्यास करताना हे हेरलं, आणि पुढे सापडलेल्या जीवाश्मांत या बदलाचे मधले टप्पेही दिसले. याचा व्यवहारात उपयोग असा की माळावर एखादी सुटी कवटी दिसली आणि तिच्या खालच्या जबड्याचा प्रत्येक अर्धा भाग एकाच हाडाचा असला, तर ती सस्तन प्राण्याची आहे.

जाता जाता मानेचे मणके. उंदीर असो वा जिराफ, सातच. अपवाद फक्त झाडांवर उलटे लटकणारे स्लॉथ आणि पाण्यातले मॅनाटी.

पायरी २: पिल्लू कसं जन्मतं ते विचारा

इथे सस्तन प्राण्यांचे तीन मोठे भाग पडतात.

पहिला भाग अंडी घालणाऱ्यांचा. आज त्यांच्या पाचच जाती उरल्या आहेत: एक प्लॅटिपस आणि चार प्रकारचे एकिडना, सगळे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतले. यांना स्तनाग्रं नसतात. दूध कातडीवरच्या एका भागातून पाझरतं आणि पिल्लं ते तिथूनच चाटतात. १७९९ साली जॉर्ज शॉ यांनी ब्रिटनमध्ये प्लॅटिपसचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा हा नमुना बनावट असेल की काय, अशी शंका त्यांनी त्यात मोकळेपणाने नोंदवली होती. हा प्राणी खरंच अंडी घालतो हे विल्यम कॉल्डवेल यांनी सिद्ध केलं ते १८८४ साली, म्हणजे वाद पाऊणशे वर्षांहून जास्त काळ चालला. प्लॅटिपसच्या चोचीत हजारो सूक्ष्म विद्युत्-संवेदक असतात. पाण्याखाली डोळे आणि कान मिटून घेऊन तो शिकारीच्या स्नायूंमधून निघणाऱ्या क्षीण विजेवर माग काढतो. नराच्या मागच्या पायाला विषारी आरही असते.

दुसरा भाग शिशुधान प्राण्यांचा, साडेतीनशेहून अधिक जातींचा. कांगारू, कोआला, वोम्बॅट हे ओळखीचे. पण हे फक्त ऑस्ट्रेलियातच असतात असं समजू नका, अमेरिका खंडांत ओपॉसमच्या शंभरावर जाती आहेत. यांची पिल्लं फार कच्ची जन्मतात. लाल कांगारूचा गर्भकाळ सुमारे ३३ दिवसांचा आणि जन्मलेल्या पिल्लाचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. ते पुढच्या चिमुकल्या पायांनी आईच्या केसांना धरत पिशवीपर्यंत पोहोचतं, स्तनाग्र तोंडात धरतं आणि पुढची खरी वाढ तिथेच होते. एकाच वेळी पिशवीतलं तान्हं आणि बाहेर बागडणारं मोठं पिल्लू असलं, तर मादी दोन वेगवेगळ्या स्तनांतून दोन वेगळ्या प्रकारचं दूध देते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: या गटातल्या सगळ्यांना पिशवी नसते. वाळवी खाणाऱ्या नम्बॅटला ती नाही, अमेरिकेतल्या कित्येक ओपॉसमनाही नाही. म्हणून पिशवी शोधण्यापेक्षा पिल्लाची जन्मावस्था बघणं जास्त भरवशाचं.

तिसरा भाग बाकी सगळ्यांचा. यांचं पिल्लू अपरेच्या, म्हणजे वारेच्या, आधारावर आईच्या पोटात दीर्घकाळ वाढतं. गर्भकाळ सोनेरी हॅमस्टरचा सुमारे सोळा दिवस, तर आफ्रिकी हत्तीचा बावीस महिन्यांच्या आसपास. यांच्यातही पुन्हा दोन कल दिसतात. बिळात किंवा घरट्यात वाढणारी पिल्लं उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली जन्मतात, जशी उंदरांची. उघड्यावर जन्मणाऱ्यांना ही चैन परवडत नाही. जिराफाचं पिल्लू तासाभरात स्वतःच्या पायांवर उभं असतं. पिल्लू पाहिलं तरी त्याची जात कुठे राहत असेल याचा अंदाज बांधता येतो.

पायरी ३: घराण्यांचा नकाशा डोक्यात बसवा

अपरा असलेल्या सस्तनांचे सुमारे वीस गण मानले जातात. सगळे एकदम लक्षात ठेवायची गरज नाही. डीएनएच्या तुलनेतून गेल्या काही दशकांत चार मोठ्या शाखा पुढे आल्या आहेत, त्यांवर पकड आली की पुरे.

एक शाखा आफ्रिकेत उगम पावलेली. हिच्यात हत्ती, समुद्रगाई म्हणजे ड्युगाँग आणि मॅनाटी, खडकांत राहणारे सशाएवढे हायरॅक्स, वाळवी खाणारा आर्डवार्क, लांब सोंडुल्या नाकाच्या हत्ती-चिचुंद्र्या, मादागास्करातले छोटे टेनरेक आणि जमिनीखाली राहणारे सोनेरी मोल येतात. हे सगळे एकमेकांचे नातलग आहेत यावर वरवर पाहून विश्वास बसत नाही. पण हत्तीण आणि मॅनाटीची मादी यांचे स्तन पाहा: दोघींचेही पुढच्या पायांशी, काखेजवळ असतात. दोघांच्या दाढाही जबड्यात मागून पुढे सरकत बदलतात.

दुसरी शाखा दक्षिण अमेरिकेची: स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो. नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो बहुतेक वेळा एकाच फलित अंड्यातून चार जुळी पिल्लं देतो, हुबेहूब एकसारखी.

तिसऱ्या शाखेत कृंतक, ससे, झाडचिचुंद्र्या, तरंगत जाणारे कोलुगो आणि आपण सगळे नरवानर. जातींच्या संख्येने ही शाखा सगळ्यांत मोठी. उंदीर आपला तसा जवळचा नातलग आहे, कुत्र्या-गाईपेक्षा जवळचा.

चौथीत वटवाघळं, खरे मोल आणि चिचुंद्र्या, खवले मांजर, मांसाहारी गण, घोडे-गेंडे आणि समखुरी, म्हणजे गाई, हरणं, डुकरं यांसारखे दोन मुख्य खुरांचे प्राणी. देवमासेही इथेच, आणि तेही थेट समखुरींच्या पोटात. पाणघोडा हा देवमाशांचा जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग. २००१ साली प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं पाकिस्तानात सापडल्याचं दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केलं. ती हाडं हरणं, गाई, डुकरं यांच्या घोट्यात असतात तशीच, दोन्ही टोकांना खोबण असलेली होती. डीएनए जे सांगत होता ते हाडांनीही सांगितलं.

हा नकाशा बसला की एक सवय आपोआप लागते: रूपावर विसंबायचं नाही. काटे साळिंदरालाही आहेत आणि जाहकालाही (म्हणजे हेजहॉगला), पण साळिंदर कृंतक आहे आणि जाहक चिचुंद्रीच्या गणातला. उडणारी खार आणि ऑस्ट्रेलियातला शुगर ग्लायडर दोघेही पायांमधली कातडी ताणून झाडावरून झाडावर तरंगतात. पण पहिली कृंतक आहे आणि दुसरा कांगारूचा भाऊबंद. जमिनीखाली बोगदे खणणारे मोल तर तीन वेगवेगळ्या घराण्यांत तयार झाले: खरे मोल चौथ्या शाखेत, सोनेरी मोल पहिल्या शाखेत आणि तिसरे शिशुधान मोल ऑस्ट्रेलियाच्या वाळूत. सारखं काम सारखं शरीर घडवतं. तरस कुत्र्यासारखं दिसत असलं तरी त्याचं नातं मांजर आणि मुंगसाच्या बाजूला आहे. वटवाघूळ पंख लावलेला उंदीर नव्हे, घोडा आणि वाघ त्याला उंदरापेक्षा जवळचे.

पायरी ४: दात वाचा

एवढं एकच कसब शिकायला वेळ असेल तर हे शिका. माशांचे किंवा सरड्यांचे दात बहुतेक एकाच आकाराचे असतात. सस्तन प्राण्यांच्या तोंडात वेगवेगळ्या कामांचे दात: पुढे पटाशीचे दात, मग सुळे, मग उपदाढा आणि शेवटी दाढा. कुठले दात आहेत, कुठले गायब आहेत आणि मध्ये फट आहे का, हे तीन प्रश्न कवटीला विचारा.

पुढे वर-खाली पटाशीची एकेक जोडी, सुळे नाहीत, मध्ये मोठी मोकळी जागा आणि मग दाढा: हा कृंतक. त्याचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. कठीण एनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागचा मऊ भाग जास्त झिजतो, त्यामुळे धार सतत टिकून राहते. अनेक कृंतकांचे दात पुढून पिवळे किंवा नारिंगी दिसतात, कारण त्या एनॅमलमध्ये लोह असतं. आता याच कवटीत वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी चिकटलेली दिसली, तर तो ससा. सशाला उंदरांच्या गणातून वेगळं काढणाऱ्या खुणांपैकी ही सगळ्यांत सोपी.

तोंड लांबट, दात टोकदार, एकाला एक लागून आणि मध्ये फट नाही: ही चिचुंद्री. नवशिके तिला उंदीर समजतात. जिवंत प्राण्यातही फरक दिसतो. चिचुंद्रीचं नाक निमुळतं होऊन जबड्याच्या पुढे येतं, डोळे अगदी बारीक असतात आणि पुढच्या पायाला पाच बोटं असतात. उंदराच्या पुढच्या पंजावर चारच उठून दिसतात.

वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही, खाली मात्र आहेत: हा रवंथ करणारा, म्हणजे गाय, शेळी किंवा हरणाच्या कुळातला. वर दातांच्या जागी कडक हिरडी असते आणि गवत तिच्यावर दाबून तोडलं जातं.

मोठे सुळे आणि त्यांच्या मागे पात्यासारख्या चपट्या, धारदार दाढा, ज्या तोंड मिटताना कातरीसारख्या एकमेकींना घासून जातात: हा मांसाहारी गण. वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ मिळून ही कातर बनते. इथून पुढे नुसती मोजणी कामी येते. मांजराचे दात ३०, कुत्र्याचे ४२. मांजराला चावून बारीक करायच्या दाढा जवळजवळ उरलेल्याच नाहीत, कारण तिचं पूर्ण आयुष्य मांसावर. कुत्र्याने मिश्र आहारासाठी त्या राखल्या. अस्वलाच्या दाढा तर रुंद आणि सपाट झाल्या आहेत. पांडा बांबू खातो, तरी दातांच्या आणि हाडांच्या मांडणीवरून तो मांसाहारी गणातलाच. गणाचं नाव वंशावरून आहे, आजच्या जेवणावरून नाही.

दातच नाहीत असेही आहेत. मुंगीखाऊ आणि खवले मांजर या दोघांना दात नाहीत, दोघांची जीभ लांब आणि चिकट, आणि तरी दोघं वेगवेगळ्या शाखांतले. निळ्या देवमाशाच्या तोंडात दातांऐवजी केराटिनच्या झालरी असतात. त्यांतून पाणी गाळून तो क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खातो.

बाहेर आलेला प्रत्येक मोठा दात सुळा असतो असंही नाही. हत्तीचे दिसणारे दात पटाशीचे आहेत. वॉलरसचे आणि रानडुकराचे मात्र खरे सुळे. नारव्हालचं ते लांब, पीळदार शिंग हा बहुधा नराचा डावा सुळा असतो.

पायरी ५: पाऊल कसं टेकतं ते बघा

तीन पद्धती आहेत. अस्वल, जाहक आणि माणूस पूर्ण तळवा टेकतात. कुत्री-मांजरं बोटांवर चालतात. घोडे, हरणं, गाई बोटांच्या अगदी टोकावर, म्हणजे खुरावर चालतात. जितकं टोकावर, तितका पाय लांब आणि पळण्याला सोयीचा. कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा वाकलेला गुडघा दिसतो ना, ती प्रत्यक्षात टाच आहे. हे एकदा लक्षात आलं की कुठल्याही प्राण्याचा सांगाडा समजायला लागतो.

खुरांची बोटं मोजा. दोन मुख्य खूर असतील तर समखुरी: हरणं, शेळ्या, डुकरं, उंट. एक किंवा तीन असतील तर विषमखुरी: घोड्याचं एक, गेंड्याची तीन. टॅपिर गोंधळात टाकतो, त्याला पुढे चार आणि मागे तीन.

मऊ मातीतल्या ठशांसाठी सुरुवातीला एवढं पुरे. चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत, ठसा गोलसर आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे: मांजरकुळ. चार बोटं, पुढे नखांचे टोचे, ठसा लांबट: कुत्रेकुळ. चित्ता मांजरकुळातला असूनही नखं पूर्ण आत घेत नाही, म्हणून त्याच्या ठशात ती दिसतात. पाच बोटं दिसली तर अस्वल, पाणमांजर, मुंगूस अशांचा विचार करा. पुढे चार आणि मागे पाच अशी बारीक बोटं असतील तर बहुतेक कृंतक.

ठशाचा फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा माहीत असलेल्या मापाची वस्तू ठेवा आणि कॅमेरा सरळ वरून धरा. तिरक्या फोटोवरून माप काढता येत नाही.

पायरी ६: आकाराचा अर्थ लावा

निळा देवमासा सुमारे ३० मीटरपर्यंत वाढतो. पृथ्वीवर आजवर झालेल्या सगळ्यात वजनदार प्राण्यांत त्याची गणना होते. दुसऱ्या टोकाला एट्रुस्कन चिचुंद्री आणि थायलंड-म्यानमारच्या गुहांतलं किट्टीचं वटवाघूळ, दोघांचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास. याहून लहान सस्तन प्राणी का नाही? शरीर जितकं छोटं, तितका आकारमानाच्या मानाने त्वचेचा पसारा जास्त, आणि उष्णताही तितक्याच वेगाने निसटते. ती भरून काढायला ही चिचुंद्री रोज स्वतःच्या वजनाहून जास्त खाते आणि तिचं हृदय मिनिटाला हजाराहून अधिक ठोके देतं. काही तास अन्न मिळालं नाही तर तिच्या जिवावर बेततं.

छोट्यांनी यावर एक उपाय काढला आहे, तो म्हणजे शरीर थंड पडू देणं. कित्येक वटवाघळं आणि उंदीर गारठ्यात किंवा उपासमारीत शरीराचं तापमान आणि हृदयाची गती खाली आणतात. आर्क्टिकमधल्या जमिनीवरच्या खारीचं तापमान हिवाळी झोपेत शून्याच्याही खाली जातं आणि तरी तिचं रक्त गोठत नाही. लहान म्हणजे अल्पायुषी, हाही नियम समजू नका. ब्रँड्टचं वटवाघूळ जेमतेम सात ग्रॅमचं, आणि खुणेची कडी घालून सोडलेला एक नर ४१ वर्षांनंतर जिवंत सापडला होता.

पायरी ७: बाहेर पडा, पण शांतपणे

मोठे प्राणी दिसावेत म्हणून दूर जायची घाई करू नका. जिथे आहात तिथल्या खारी, उंदीर, वटवाघळं, मुंगसं पुरेशी आहेत. सूर्योदयाच्या आधीचा आणि सूर्यास्तानंतरचा तास निवडा, एका जागी बसा, हालचाल कमी ठेवा. वाऱ्याची दिशा बघा. बहुतेक सस्तन प्राण्यांना तुम्ही दिसण्याआधी तुमचा वास लागलेला असतो.

विष्ठा वाचणं ही किळसवाणी नव्हे, अतिशय कामाची विद्या आहे. माशांचे खवले आणि खेकड्यांचे तुकडे असतील तर पाणमांजर. फळांच्या अख्ख्या बिया एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा आढळल्या तर उदमांजर. वाळून पांढरी पडलेली असेल तर हाडं चघळणारं तरस. हात मात्र लावू नका, काडीने उलगडा.

नवशिक्यासाठी माझी सगळ्यांत आवडती शिफारस घुबडाच्या गोळ्यांची. घुबड उंदीर-चिचुंद्र्या अख्ख्या गिळतं आणि न पचलेली हाडं व केस यांचा गोळा तोंडावाटे टाकून देतं. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली हे गोळे सापडतात. घरट्याजवळ जाऊन पक्ष्याला त्रास देऊ नका, खाली पडलेलेच उचला. हातमोजे घाला. गोळा कोमट पाण्यात भिजवा, चिमट्याने केस बाजूला करा, कवट्या आणि जबडे वेगळे काढा, मग हात साबणाने धुवा. आता चौथी पायरी समोर ठेवून बघा: नारिंगी पटाशी आणि फट म्हणजे कृंतक, सलग टोकदार दात म्हणजे चिचुंद्री. एकाही प्राण्याला न पकडता त्या परिसरातल्या छोट्या सस्तनांची यादी अशी तयार होते. अभ्यासकही हीच पद्धत वापरतात.

वटवाघळांसाठी संध्याकाळी मोकळं आकाश दिसेल अशी जागा धरा. लाझारो स्पालान्झानी यांना अठराव्या शतकाच्या शेवटी कळून चुकलं होतं की दृष्टी गेलेलं वटवाघूळही अडथळे चुकवतं, पण कान बंद केले तर धडकतं. कारण मात्र त्यांच्या हयातीत सापडलं नाही. १९३८ पासून डोनाल्ड ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीचे प्रतिध्वनी ऐकतात. माणसाची ऐकण्याची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ आणि बहुतेक वटवाघळांची साद त्याच्या वर. ती आपल्याला ऐकू येईल अशी खाली आणणारी छोटी यंत्रं मिळतात. त्यांतून किडा पकडण्याच्या क्षणी वेगाने वाढत जाणारी टिकटिक पहिल्यांदा ऐकणं हा फार मोठा आनंद आहे. फळं खाणारी मोठी वटवाघळं मात्र मुख्यतः नजर आणि वास यांवर चालतात.

वटवाघूळ जमिनीवर पडलेलं दिसलं तरी उघड्या हाताने उचलू नका. कुठल्याही सस्तन प्राण्याने चावा घेतला किंवा ओरखडा काढला तर जखम साबण आणि पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की वाचण्याची आशा जवळजवळ नसते, लस मात्र वेळेत घेतली तर काम करते. सापडलेली कवटी, शिंग किंवा कातडी घरी नेण्याआधी कायदा तपासा. अनेक देशांत नुसतं बाळगणंही गुन्हा आहे. फोटोवर भागत असेल तर वस्तू तिथेच राहू द्या.

पायरी ८: नोंद ठेवा

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, परिसर कसा होता, प्राणी काय करत होता आणि ओळख कशावरून पटवली, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक लोक गाळतात, आणि तोच पुढे उपयोगी पडतो. ‘उंदीर’ एवढंच लिहिलेली नोंद वर्षभराने तपासता येत नाही. ‘शेपूट शरीराहून लांब, कान मोठे, पोट पांढरं’ अशी नोंद तपासता येते.

जात ओळखता आली नाही तर कुळ लिहा, कुळही कळलं नाही तर गण लिहा. ‘कृंतक, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद चुकीच्या नेमक्या नावापेक्षा कितीतरी मोलाची. बोलीतली नावं जागोजागी बदलतात, म्हणून जात पक्की झाली की शास्त्रीय नाव जोडा. दोन शब्दांच्या नावांची ही पद्धत प्राण्यांसाठी कार्ल लिनिअस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते.

छोट्यांच्या नोंदी विशेष आस्थेने ठेवा, कारण त्यांच्या बाबतीत माहिती सगळ्यांत तोकडी आहे. ऑस्ट्रेलियाजवळच्या ब्रॅम्बल के नावाच्या चिमुकल्या बेटावर मेलोमिस हा उंदीर राहत असे, जगात फक्त तिथेच. समुद्राचं पाणी वारंवार बेटावर चढलं आणि झाडोरा गेला. २०१९ साली ऑस्ट्रेलियाने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. हवामानबदलामुळे नाहीसा झालेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद झाली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीनुसार सस्तन प्राण्यांच्या सुमारे एक चतुर्थांश जाती धोक्यात आहेत. तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक जातीसमोर या यादीतला दर्जा लिहून ठेवा. काहींसमोर ‘अपुरी माहिती’ असा शेरा मिळेल. अशा प्राण्याची तारीख, ठिकाण आणि फोटोसह केलेली नोंद तिथल्या अभ्यासकांपर्यंत अवश्य पोहोचवा.